पाकिटावर आईचं नाव

सनाबिस, बहरीन
शुक्रवार, २९ मार्च १९९६

ताई,

जयभीम. मी खुशाल आहे वगैरे या वेळी लिहीत नाही, कारण तू विचारलेलं नाहीस.

तू परत पाठवलेला फोटो बुधवारी मिळाला. बहरीनला येऊन अकरा वर्षं झाली, पण पाकीट फोडल्यावर पत्राऐवजी माझंच तोंड बाहेर आलं असं पहिल्यांदा घडलं. फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेल्या तारखेभोवती तू लाल गोल काढलास. वह्या तपासायचं तेच पेन असणार. आणि मागे लिहिलंस, "आई बाराला गेली. चौदाला तू हसत होतास. का, ते सांगितल्याशिवाय वर्षाच्या पुण्यानुमोदनाला या घरात पाऊल टाकू नकोस."

चौथीतल्या पोराला बाकावर उभं करावं तसं केलंस. मी अडतीस वर्षांचा आहे, ताई, कानावरचे केस पांढरे झालेत. तरी उभा राहिलोच. आज सुट्टी आहे, खोलीत कुणी नाही, तेव्हा सगळं क्रमानं सांगतो.

कंपनीनं मला आणि ताहिरला इजिप्तला पाठवलं, अलेक्झांड्रियाला. तिकडचे लोक इस्कंदरिया म्हणतात. ताहिर म्हणजे माझा खोलीतला जोडीदार, महाडकडचा, पाइप फिटर. आठ वर्षं आमच्या खाटा शेजारी-शेजारी आहेत. तिथल्या बंदरावर मासळीचं मोठं कोल्ड स्टोरेज आहे, त्याचा कॉम्प्रेसर बसला होता. यंत्र आमच्या कंपनीनं विकलेलं, म्हणून दुरुस्तीही आमच्या गळ्यात. फेब्रुवारीच्या दहा तारखेला, शनिवारी निघालो, पुढच्या शनिवारी परत. तू विचारशील, पासपोर्ट कसा मिळाला? कंपनीच्या कामासाठी कंपनी देते. तेवढ्यापुरताच देते.

पिरॅमिड पाहिले का, असं विचारू नकोस. ते कैरोला आहेत. आम्ही कैरोत विमानातून उतरलो आणि तसेच मोटारीत बसून तीन तास पुढे गेलो. इस्कंदरिया केवढं मोठं, तर आपलं हिंगणघाट त्याच्या एका गल्लीत मावेल. समुद्राच्या कडेनं मैलोन्‌मैल रस्ता, रस्त्याला लागून जुन्या उंच इमारती, प्रत्येक बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. काळ्यापिवळ्या टॅक्स्या आहेत, ट्राम आहे. बहरीनचा समुद्र ताटात ओतल्यासारखा निवांत असतो. तिथला उसळून रस्त्यावर येतो आणि मोटारींच्या काचा धुतो. थंडी तर अशी की हातगाडीवर भाजलेली रताळी विकत घेऊन आम्ही आधी हात शेकत होतो. म्हणजे मी खात होतो, ताहिर नुसता शेकत होता. रमजान चालू होता.

त्या रमजानामुळेच काम लांबलं. दोन वाजले की सगळे घरी. आपली अरबीही तिथे चालत नाही. इथे आपण कशालाही 'मफी', म्हणजे 'नाही', म्हटलं की काम भागतं. तिथे मी एका पोऱ्याला 'मफी' म्हटलं तर त्यानं चार जणांना बोलावून माझ्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी उलट्या दिशेच्या ट्राममध्ये चढलो, माझ्यामागून ताहिरही. समुद्र डाव्या हाताला हवा होता, तो उजव्या हाताला आला, तरी मला वाटलं समुद्रच हलला असेल. तासाभरानं ताहिरनं उतरवलं. त्या शहरात मला सारखं असंच होत होतं. कुठे आहे आणि कुठे चाललोय ते उतरल्यावरच कळायचं.

मुद्द्यावर येतो. शनिवारी खोलीवर परत आलो तेव्हा तुझी तार माझ्या खाटेवर ठेवलेली होती. तेव्हा मला कळलं. फोटो त्याआधीचा आहे. ताहिरच्या कॅमेऱ्यात काढला, तिथेच तासाभरात धुऊन मिळाला, गुरुवारी तिथल्याच पोस्टात टाकला. आणि ताई, पाकिटावर कुणाचं नाव होतं ते बघ. फेकलं नसशील तर काढून बघ. श्रीमती रखमाबाई थूल. माझी सगळी पत्रं आईच्याच नावानं यायची. फोडायचीस तू, वाचून दाखवायचीस तू, पण पोस्टमननं दारात तिचं पूर्ण नाव घेतलेलं तिला आवडायचं. ती गेली हे माहीत असतं, तर मी तिच्या नावानं पाकीट टाकलं असतं का? तूच सांग.

आज पहिल्यांदा पाकिटावर तुझं नाव घातलं. रश्मी लिहिलं आणि आडनाव लिहिताना हात अडखळला, तुझ्या सासरचं लिहायचं की आपलं, तेच सुचेना. शेवटी शाळेच्या पत्त्यावर टाकतोय.

तुझा,
सुजीत


सनाबिस, बहरीन
शुक्रवार, १७ मे १९९६

ताई,

तुझं पत्र आलं. चारच ओळी, पण पुरल्या.

तू तेरा तारखेला एसटीडी बूथवरून इथल्या ऑफिसात फोन लावला होतास, हे मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नाही. म्हणजे तुझा फोन घेणाऱ्या टाइमकीपरला वाटलं मला माहीतच असणार. तो तुला म्हणाला, हॉटेलात निरोप दिलाय, तुमच्या भावाला आज संध्याकाळपर्यंत मिळेल, तो तिथूनच निघेल. आणि तू तीन दिवस स्टेशनवर माणूस पाठवत राहिलीस. हे वाचून मी पत्र उशीखाली ठेवलं आणि कामावर गेलो. जनाबियाच्या एका कंपाउंडमध्ये चार एसी खोलून ठेवले आणि कुठला स्क्रू कुठला ते विसरलो. असं माझं कधी होत नाही.

म्हणजे मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. खोटं लिहिलं असं म्हणत नाही. गाळली.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही कामावरून हॉटेलवर आलो. तिसऱ्या मजल्यावरचं जुनं हॉटेल, जाळीची लिफ्ट. काउंटरवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या हातात एक कागद दिला. बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईत अरबीत चार ओळी. बहरीनहून फोन आला होता, एवढं त्यांनी खुणेनं सांगितलं. पुढे भराभर काही बोलले, ते मला समजलं नाही.

खोलीत गेल्यावर मी कागद ताहिरला दिला. त्याला अरबी वाचता येतं. लहानपणी मदरशात शिकलाय, कुराण घडाघडा वाचतो, पण अर्थ कळत नाही. आपण नाही का लहानपणापासून पालीतली वंदना म्हणायचो? मी अर्थ विचारला की तू चिमटा काढायचीस. तसंच ते. ताहिर हात-पाय धुऊन आला, सवयीनं डोक्यावर रुमाल टाकला, खाटेवर बसला आणि तो कागद दोन्ही हातांत धरून वाचायला लागला. हातानं लिहिलेलं, त्यामुळे अडखळत होता. पण सुरात वाचत होता. मीही नकळत मांडी घालून मान खाली करून बसलो. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, या खोलीत काही धार्मिक चाललंय.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "अर्थ नाय कळत रे. ऑफिसचा कायतरी असेल."

मी कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. खाली आजान झाली, त्यानं खजूर तोंडात टाकला, मलाही एक दिला. मग आम्ही जेवायला गेलो.

आता तू विचारशील, दुसऱ्या कुणाला का नाही दाखवला? कोल्ड स्टोरेजचा इंजिनियर चांगलं इंग्रजी बोलायचा. बुधवारी सकाळी तो माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता. कागद खिशात होता. काम अर्धवट होतं, कॉम्प्रेसरमधून अमोनिया वायूची गळती होत होती, डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं, हात मोकळे नव्हते. अमोनिया लहानसाच गळला तरी माणसाला काही सुचत नाही. विचारू, विचारू म्हणता राहून गेलं.

एवढंच आहे. निरोप मिळाला, पण समजला नाही. न समजलेला निरोप मिळाला असं म्हणायचं की नाही, हे मला ठरवता येत नाही. तू शिक्षिका आहेस, तू ठरव.

चौदा एप्रिलला मनामात एका फ्लॅटवर आम्ही वीसेक जण जमलो होतो. बाबासाहेबांचा फोटो टेबलावर, दार बंद, आवाज हळू, कारण सध्या इथे सरकारविरुद्ध दंगे चाललेत, वातावरण बरं नाही. आमच्या सनाबिसलाच रस्त्यात टायर जळतात आणि कंपनीची बस वळसा घालून येते. सगळ्यांनी पंचशील म्हटलं. चौथ्या शीलाला माझा आवाज निघाला नाही. खोटं न बोलण्याचं ते. शेजारच्याला वाटलं मला ठसका लागला, त्यानं पाणी दिलं.

सुजीत


सनाबिस, बहरीन
शुक्रवार, ११ ऑक्टोबर १९९६

ताई,

तुझं उत्तर नाही. पाच महिने झाले. पत्र मिळालं असेल असं धरून चालतो.

मी दोन-तीनदा लिहायला बसलो होतो. 'ताई' लिहून झालं की पुढे काय ते कळेना. आज लिहितोय कारण मंगळवारी एक गोष्ट घडली, आणि ती सांगायला मला या जगात दुसरं कुणी नाही.

रिफाला एका मोठ्या घरी एसी दुरुस्तीला गेलो होतो. आतल्या खोलीतला एसी पाणी टाकत होता. खोलीत पलंगावर एक म्हातारी बसली होती, त्या घरातली आजी. तिला लकवा झालेला. डावा गाल खाली उतरलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी भिंतीकडे तोंड करून काम करत राहिलो. काम झालं, गार हवा सुरू झाली, तशी ती माझ्याकडे बघून हसली. अर्ध्याच तोंडानं हसली. मला वाटलं होतं ते भयंकर दिसत असेल. काहीच भयंकर नव्हतं, ताई. म्हातारी बाई हसते तशी हसली. मी हत्यारं गोळा करून बाहेर आलो आणि व्हॅनच्या मागे जाऊन बसलो. ड्रायव्हर दोनदा 'यल्ला, चल' म्हणाला, तरी मला उठता येईना.

चौऱ्याण्णव साली आईला लकवा झाला तेव्हा तू मला लिहिलं होतंस की तिचं तोंड वाकडं झालंय, तू ये. मी कळवलं की पासपोर्ट कंपनीकडे आहे, कंपनी देत नाही. दिवाळीला लिहिलं, देत नाही. पंच्याण्णवच्या मे महिन्यात लिहिलं, देत नाही.

मी मागितलाच नव्हता.

पासपोर्ट कंपनीकडे असतो हे खरं आहे. सगळ्यांचाच असतो. पण आजारपणाची तार दाखवली की सोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ताहिर दोनदा गेलाय. मी ऑफिसच्या दारापर्यंतही गेलो नाही. मला आईचं वाकडं झालेलं तोंड बघायचं नव्हतं. मला तिचं आधीचंच तोंड हवं होतं. मिलचा भोंगा झाला की बाबांचा डबा हातात देताना करायची ते. बाकी काही कारण नाही. मी खूप शोधलं, की असेल काहीतरी बरं कारण. नाही सापडलं.

तुझ्या फोटोच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, हे मला कळतं. पण त्याच्या कुठेतरी जवळचं असावं.

सुजीत


सनाबिस, बहरीन
शुक्रवार, १७ जानेवारी १९९७

ताई,

जयभीम. तुझं मोठं पत्र मिळालं. सहा पानं. एवढं तू मला कधी लिहिलं नव्हतंस. चार वेळा वाचलं, आणि तरी प्रत्येक वेळी वाटतं की मधलं एखादं पान राहिलं.

त्याचं उत्तर देतो, पण आधी ताहिरचं सांगतो.

गेल्या शुक्रवारी रमजान लागला. संध्याकाळी रोजा सोडायला दहा मिनिटं होती. ताहिरनं खजूर ताटलीत ठेवले, पाण्याचे पेले भरले आणि माझ्यासमोर येऊन बसला. एरवी तो त्या वेळी बोलत नाही.

"गेल्या रमजानात मी तुला खोटं सांगितलं," तो म्हणाला. "रोजा चालू असताना. वर्षभर गळ्यात अडकलंय. त्या कागदातलं बाकीचं नाय कळलं, पण दोन शब्द कळले होते. वालिदा आणि वफात. वालिदा म्हणजे आई, वफात म्हणजे मौत. हे आमच्या घरात लहान पोराला पण कळतात."

मी म्हणालो, "मलाही कळले होते."

मी त्याला सांगितलं, एक्क्याण्णव साली तुझे वडील वारले तेव्हा या खोलीत महिनाभर लोक भेटायला येत होते. वफात, वफात. मी त्या सगळ्यांना चहा करून दिला. तो शब्द मला कसा कळणार नाही? आणि वालिदा तर तू घरी लिहिलेल्या प्रत्येक पत्रात मला मोठ्यानं वाचून दाखवतोस.

"मग तेव्हा बोलला का नाय?"

"तू का नाही बोललास?"

त्याला वाटलं, मला तिथे परक्या शहरात एकट्याला कशाला सांगायचं, काम झाल्यावर बहरीनला जाऊन कळेल. मला वाटलं, त्याला कळलेलं नाही, तर मलाही कळलेलं नाही असं चालेल. आजान झाली. खजूर हातात धरून आम्ही दोघं बसून राहिलो. पाणी प्यायचंही राहिलं.

तर ताई, खरं असं आहे.

मंगळवारी संध्याकाळी काउंटरवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला कागद दिला तेव्हाच त्यांनी आपला हात छातीवर ठेवून मान खाली केली होती. हे मी तुला लिहिलं नव्हतं. मला तेव्हाच शंका आली. वर खोलीत ताहिर वाचत होता तेव्हा 'वालिदा' आलं, आणि दुसऱ्याच ओळीत 'वफात'. मांडी घालून मान खाली करून बसलो होतो तो नकळत नव्हे.

बुधवारी अमोनिया गळत नव्हता. गळती मंगळवारी दुपारीच बंद झाली होती, गंधकाची वात फिरवून मी स्वतः तपासली होती. डोळ्यांतलं पाणी कशाचं होतं ते तुला कळेल. इंजिनियरनं विचारलं, तेव्हा मीही अमोनियाचंच नाव सांगितलं.

पासपोर्ट खिशात होता. त्याच खिशात तो कागद. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला अडवणारं कुणी नव्हतं. ऑफिसला एक फोन केला असता तर तिकीट मिळालं असतं, कैरोहून मुंबई. अंत्यविधी तर चुकलाच होता, पण पाचव्या दिवसाच्या जलदान विधीला नक्की पोचलो असतो. आणि मी पोचलो असतो तर दारातच तू विचारलं असतंस, की मेलेल्या आईसाठी पासपोर्ट मिळतो, मग जिवंत आईसाठी का नाही मिळाला? तू विचारलं नसतंस तरी मला ऐकू आलं असतं. म्हणून मी ठरवलं की मला काही कळलेलं नाही. ठरवलं म्हणजे तरी काय, मला खरंच नीट सांगता येत नाही. एकाच वेळी मला माहीत होतं आणि नव्हतंही. उलट्या दिशेच्या ट्राममध्ये बसलो होतो तसंच. कळत होतं की समुद्र चुकीच्या हाताला आहे, पण उतरत नव्हतो.

बुधवारी दुपारी काम संपलं. आम्ही समुद्राच्या कडेनं चालत होतो. आणि मला आईच्या शेवटच्या पत्रातली ओळ आठवली. तिनं सांगितली आणि तू लिहिली होतीस, जशीच्या तशी, तिच्या बोलीत. "सुज्या, तुह्या सगळ्या फोटोत तू पोलिसानं धरून आणल्यावानी दिसतं. माह्यं तोंड त वाकडं झालं, तू तरी सरळ हासून दाखव." दोन महिने ती ओळ माझ्याकडे पडून होती. आज पाठवू, उद्या पाठवू.

मी ताहिरला म्हणालो, फोटो काढ. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाला, हस. त्याला माहीत होतं. मला माहीत होतं. मागे लाटा कठड्यावर आपटत होत्या, रताळीवाला बघत होता. मी हसलो. तिनं सांगितलं होतं तसा, सरळ. तू फोटो नीट बघितलास तर तुला कळेल की मी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. मग एक तास दुकानाबाहेर थांबून फोटो घेतला, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात उभा राहून पाकिटावर तिचं नाव घातलं. श्रीमती रखमाबाई थूल.

पहिल्या पत्रात मी ते पाकीट तुला पुरावा म्हणून दाखवलं होतं, की बघ, मला माहीत नव्हतं. तो पुरावा उलटा आहे. मला माहीत होतं म्हणूनच मी ते नाव इतकं सावकाश लिहिलं. पोस्टमन आणखी एकदा दारात येऊन तिचं पूर्ण नाव घेईल, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. ते घेतल्यावर ओ कोण देणार, याचा विचार मी केला नाही. तू दिलीस. तेरवी-चौदावीच्या दिवसांत तुला दारात जाऊन ते पाकीट घ्यावं लागलं. त्याची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही.

आता तुझ्या पत्राबद्दल.

तू लिहिलंस की दोन वर्षं तू आईला माझं एकही पत्र आहे तसं वाचून दाखवलं नाहीस. मी लिहायचो पासपोर्ट देत नाहीत, आणि तू वाचायचीस दिवाळीला येतो. मी लिहायचो रजा पुढे गेली, तू वाचायचीस जयंतीला नक्की. कधी मी नुसतं एक पान लिहायचो आणि तू तीन पानं वाचायचीस. आणि म्हणे तिला कळत असावं, कारण एकदा ती म्हणाली होती, "एवढुशा कागदावर एवढं कसं मावते वं?" तरी ती ऐकत राहिली आणि तू वाचत राहिलीस. हे सगळं सांगून शेवटी लिहिलंस की तुला लाल गोल काढायचा हक्क नव्हता.

हक्क होता, ताई. तू तिला माझं खोटं कळू नये म्हणून खोटं वाचलंस. ते माझंच खोटं होतं, तू फक्त ते तिला सोसेल असं करून दिलंस. मला राग आला नाही. थोडा हेवा वाटला. तू वाचलेली माझी पत्रं मलाही ऐकायला आवडली असती. त्यातला सुजीत बरा माणूस असणार.

परवा मी ऑफिसात गेलो. टाइमकीपरला म्हणालो, आईचं वर्षश्राद्ध आहे. आपल्यात श्राद्ध नसतं, पण त्याला पुण्यानुमोदन कुठे समजावत बसू. त्यानं कपाट उघडलं, रजिस्टर पुढे केलं, मी सही केली, त्यानं पासपोर्ट माझ्या हातात दिला. त्याचा चहा निवला नव्हता एवढ्या वेळात झालं. मी तिथेच उभा राहिलो. तो म्हणाला, खलास, झालं काम, आणखी काय हवंय?

अकरा फेब्रुवारीला संध्याकाळी हिंगणघाटला उतरतो. तू बोलावलं नाहीस, हे मला माहीत आहे. 'का ते सांग' म्हणाली होतीस, ते आता सांगून झालं. त्यावर काय करायचं ते तू ठरव. घरात नको म्हणालीस तर बाराला विहाराच्या आवारात चपलांपाशी बसेन, भंतेजींचं तिथूनही ऐकू येतं. तो अरबी कागद या पत्रासोबत जोडतोय आणि तू परत केलेला फोटोही. गोल तसाच आहे, तो असू दे.

एकच मागणं आहे. हे पत्र मी तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकत नाहीये. घरी टाकतोय. पाकिटावर पुन्हा आईचं नाव घातलंय. पोस्टमन हाक मारेल, तू नेहमीसारखी घे, नेहमीसारखं तूच फोड, आणि तिच्या फोटोसमोर बसून मोठ्यानं वाच. फक्त या खेपेला जे लिहिलंय तेच वाच.

सुजीत